हानोक दुरुस्त करायचंय? आधी घरात थंडी कुठे राहू द्यायची ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही सुवॉनला नोकरीला आहात, पत्नी कोरियन आहे. तिच्या आजीचं आंदोंगजवळच्या खेड्यातलं हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन लाकडी घर, ५ वर्षं बंद पडून आहे. एका ओळीत ४ खण, मधे फळ्यांची ओसरी, छपरावर सिमेंटचे करडे पन्हाळी पत्रे. सासूबाईंना आता तिथे राहायला जायचंय. पत्नीला छपरावर काळी कौलं हवीत, तुम्हाला मधल्या ओसरीला खालपासून वरपर्यंत काच हवी. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की पाय गारठता कामा नयेत आणि रात्री न्हाणीघरासाठी अंगण ओलांडावं लागू नये. आणि तुम्ही विचारलंय, "पारंपरिक किती ठेवायचं, आधुनिक किती करायचं? योग्य प्रमाण काय?"

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकले आणि गेली १९ वर्षं कोरियात आहे. त्यातली बहुतेक जुनी हानोक दुरुस्त करण्यातच गेली. प्रमाणाचं सूत्र माझ्याकडे नाही. मी घरमालकांना पहिल्या भेटीत एकच गोष्ट विचारते: या घरातला कोणता भाग हिवाळ्यात थंड राहिला तर तुम्हाला चालेल? याचं उत्तर मिळालं की काच कुठे, कौलं कुठे, पाइप कुठे हे बरंचसं आपोआप ठरतं. आणि "कुठलाच नाही, सगळं घर सारखं गरम हवं" असं उत्तर आलं, तर मी त्यांना जुनं घर विकून नवं बांधा असं स्पष्ट सांगते.

कारण हानोक म्हणजे एका छपराखाली नांदणारी दोन घरं आहेत. एक हिवाळ्याचं: ओन्दोलच्या खोल्या. बाहेरच्या चुलीत, म्हणजे आगुंगीत, जाळ करायचा. धूर आणि ऊन हवा जमिनीखालच्या नाळांतून फिरत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायची आणि वरचे चपटे दगड तापून रात्रभर ऊब द्यायचे. दुसरं उन्हाळ्याचं: मारू, म्हणजे जमिनीपासून उचललेली फळ्यांची ओसरी, खालून वारा खेळणारी. ओन्दोल थंड उत्तरेचा, मारू दमट दक्षिणेचा, आणि कोरियन घरात दोघं भिंतीला भिंत लावून राहतात. आंदोंगला याची गरजही आहे. थंडीच्या लाटेत पारा उणे १० च्या खाली जातो आणि ऑगस्टात अंगाला कपडा चिकटतो. आपल्याला आता अपार्टमेंटची सवय झाली आहे, दारापासून गॅलरीपर्यंत एकच तापमान. ती सवय या घरावर लादली की घर आजारी पडतं.

हे झालं धोरण. पण काच आणि कौलं यांच्या आधी तुमच्या घराबद्दल एक गोष्ट कळायला हवी, आणि सगळं काही तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंय की छपरावर "करडे पन्हाळी पत्रे" आहेत. १९७० पासून सेमाउल उन्दोंग नावाची ग्रामसुधारणेची मोहीम चालली. तिच्यात खेड्यापाड्यांतली भाताच्या पेंढ्याची छपरं काढून हे सिमेंटचे पत्रे चढवले गेले. कोरियात त्यांना "स्लेट" म्हणतात. म्हणजे तुमच्या पत्र्यांखाली बहुधा पूर्वी पेंढा होता, कौलं नव्हती. पत्नीला हे ऐकून वाईट वाटेल, कारण तिच्या मनात काळ्या कौलांचं छप्पर "पुन्हा" घालायचंय. कदाचित ते तिथे कधी नव्हतंच.

हा भावनेपुरता प्रश्न नाही, वजनाचा आहे. कोरियन कौलारू छपरात वाशांवर फळ्या, त्यावर लाकडाच्या ढलप्या आणि ओंडक्यांची भर, त्यावर मातीचा जाड थर, आणि त्या मातीत बसवलेली गिवा, म्हणजे कौलं, असा पूर्ण डोंगर असतो. त्याचं वजन पेलायला खांब, तुळया आणि वासे तसेच जाड घेतलेले असतात. उलट ते वजनच कुसू-खाचांचे सांधे दाबून धरतं, त्यामुळे अशा घराचं छप्पर फार हलकं करणंही बरं नाही. पेंढ्याच्या घराचा सांगाडा मात्र किरकोळ असतो. मनगटाएवढे वासे, जेमतेम जाडीच्या तुळया. त्यावर माती आणि कौलं चढवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर भरलेला हंडा देणं. पहिल्या दोनचार वर्षांत काही दिसत नाही, मग आढं मधे बसायला लागतं.

ओळखायचं कसं? छताची फळी किंवा कागद एका कोपऱ्यात उघडा आणि वर बघा. वासे मनगटाएवढे आणि वेडेवाकडे, तुळया सडपातळ, छपराचा उतार मवाळ असेल तर पेंढा. वासे मांडीच्या जवळपास जाड, गोल तासलेले, आणि त्यांवर जुनी माती सुकून पडलेली असेल तर कौलं. वर गेलाच आहात तर आढ्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा. तिथे अनेकदा सांगन्यांगमुन सापडतं, आढं चढवलं त्या दिवशीची शाईतली तारीख. तिच्या एका टोकाला ड्रॅगनचं आणि दुसऱ्या टोकाला कासवाचं चिनी अक्षर असतं, दोघंही पाण्याचे प्राणी, घराला आग लागू नये म्हणून. तारखेत ४२०० च्या पुढचा आकडा दिसला तर दचकू नका. तो दांगी शक आहे, त्यातून २३३३ वजा करायचे. एका घरात मी "४२८८" वाचलं तेव्हा मालक समजत होते की घर शंभर वर्षांचं आहे. ते निघालं १९५५ चं. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, लाकूड मिळेल तसं गोळा केलेलं होतं, आणि खांबांपैकी दोन उघडउघड दुसऱ्या कुठल्या घरातले होते, जुन्या खाचा तशाच रिकाम्या. हे कळल्यावर त्या घराकडे बघण्याची आमची सगळ्यांची नजर बदलली. खाचा बुजवायच्या नाहीत असं मालकीणबाईंनीच ठरवलं.

पेंढ्याचं घर निघालं तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कौलं नकोत. पेंढा परत घालणं सुंदर, पण तो दर एकदोन वर्षांनी बदलावा लागतो, आणि सासूबाईंना त्या वयात ही दगदग नको. अशा घरांवर मी गडद करड्या रंगाचा, उभ्या शिवणीचा साधा धातूचा पत्रा घालते. खाली फळ्या, त्यावर लाकडाच्या तंतूंचं जाड उष्णतारोधक, म्हणजे पावसाचा ताशाही कमी वाजतो. मात्र हलकं छप्पर वाऱ्यात उचलतं, म्हणून ते तुळयांना आणि खांबांना खालपर्यंत बांधून घ्यावं लागतं. कौलांसारखा दिसणारा ठोकळेबाज पत्रा मिळतो, तो मात्र घेऊ नका. लांबूनही ते सोंग दिसतं. पत्नीला समजवायला वेळ लागला तर लागू दे. त्या घराचा खरा चेहरा ठेंगणा आणि मऊ आहे, पाटलांच्या वाड्याचा नाही.

आणि हे पत्रे स्वतः उचलू नका, फोडू नका, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. स्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कोरियाने त्यावर २००९ मध्ये पूर्ण बंदी घातली, पण खेड्यांत जुने पत्रे अजून भरपूर आहेत. ते काढण्याचं काम नोंदणीकृत ठेकेदारच करतात. स्थानिक प्रशासनाकडून त्यासाठी मदत मिळते, तुमच्या गुनच्या, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात चौकशी करा.

छप्पर झालं की पाय. हानोकच्या भिंती भार घेत नाहीत, सगळं वजन खांबांवरून खालच्या दगडांवर उतरतं. तेव्हा घराचं आयुष्य खांबाच्या शेवटच्या वीतभर लाकडात असतं, आणि नेमकं तेच कुजतं. माझ्यासोबत काम करणारे देमोक, म्हणजे मुख्य सुतार, सत्तरीचे आहेत. नव्या घरात गेले की आधी काही बोलत नाहीत. लाकडी हातोडीने प्रत्येक खांब खालून वर ठोकत जातात, मला हाक मारतात आणि म्हणतात, "ऐक." निरोगी खांब खणखणीत बोलतो, कुजलेला भरलेल्या पोत्यासारखा. मग टोचा घेऊन तिथे खुपसतात. लोण्यात जावा तसा टोचा गेला की खडूने रेघ मारतात, इथून खाली कापायचं.

कापून नवीन लाकडाचा तुकडा सांध्याने जोडतात, त्याला दोंगबारी म्हणतात. खांब बदलावा लागत नाही, फक्त पाय बदलतो. दगड घडवलेला नसेल, जसा सापडला तसाच ठेवलेला असेल, तर दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे खांबाचा तळ कोरतात. कंपासासारख्या दुहेरी टोकाच्या हत्याराने दगडावरची प्रत्येक उंची खांबावर शाईने उमटवायची आणि त्या रेघेवर तासायचं. याला गुरेंगी म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खांब उतरवल्यावर दगड आणि लाकूड यांच्यात पोस्टकार्डही शिरत नव्हतं. हे काम यंत्राने होत नाही, आणि त्यात पैसे वाचवू नका.

तुमच्या घराच्या फोटोत जोत्याला सिमेंट दिसतंय आणि बाहेरून भिंतीलाही सिमेंटचा गिलावा. तो बहुधा ७०-८० च्या दशकात चढवलेला असणार. त्यावेळी तो प्रगतीची खूण होता, आजही कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण मातीच्या भिंतीत शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, ती खालच्या आडव्या लाकडात आणि खांबाच्या पायात साठते. म्हणून काम सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी हे सिमेंट फोडा, खांबाभोवतीचा दगड मोकळा करा आणि दोनतीन आठवडे सुकू द्या. ५ वर्षं बंद असलेल्या घरात वाळवीच्या मातीच्या नळ्याही याच वेळी दिसतील. मग पुन्हा माती आणि चुन्याचा गिलावा. आत उष्णतारोधक घालायचं तर भिंतीच्या आतल्या बाजूने, आणि वर प्लास्टिकचा चकचकीत वॉलपेपर नको, कागदी हवा. "सिल्क" नावाने विकला जाणारा वॉलपेपर मुळात विनाइलचा असतो.

आता तुमच्या काचेकडे येते. यात मी स्वतः मोठी चूक केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जॉल्ला प्रांतातल्या एका घरात, माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक, मालकांना अगदी तुम्हाला हवं तेच हवं होतं. मधल्या ओसरीचं छत उघडं करून वासे दाखवायचे, समोर पूर्ण काच, फळ्यांखाली गरम पाण्याचे पाइप, म्हणजे ओसरीच दिवाणखाना होईल. ऑक्टोबरात काम संपलं, मासिकात छापावे असे फोटो आले. जानेवारीत मालकीणबाईंचा फोन आला, "वरून पाणी पडतंय, पण पाऊस नाही." जाऊन पाहिलं तर खोलीतली सगळी उबदार, दमट हवा उंच वाशांपर्यंत चढत होती. वर उष्णतारोधक पुरेसं नव्हतं. थंड लाकडाला लागून वाफेचं पाणी होत होतं आणि जेवणाच्या टेबलावर ठिपकत होतं. वाशांवर काळी बुरशी. खाली पाइपांच्या ऊबेने जुन्या फळ्या इतक्या आकसल्या होत्या की मधल्या फटीत १०० वॉनचं नाणं उभं जात होतं. वसंतात आम्ही पाइप काढले, वाशांच्या वर जाड थर घातला, फळ्या ठोकून जवळ आणल्या आणि टोकाला एक नवी फळी बसवली. कोरियन मारूची रचनाच अशी असते: चौकटीच्या खाचांत आखूड फळ्या सरकवलेल्या, त्यामुळे आकसल्या तरी सरकवून फट भरता येते. मला लाज वाटली ती याची, की फळ्या आकसणार हे जुन्या सुतारांना माहीत होतं, त्यासाठी सोय करून ठेवली होती, आणि मी खालून पाइप घालून ती सोयच निकामी केली.

म्हणून आता मी ओसरी गरम करत नाही. तुमच्याही घरात ती थंड राहू दे. पण थंड म्हणजे निरुपयोगी नव्हे, आणि काच लावू नका असंही मी म्हणत नाही. काच कुठे लावायची ते महत्त्वाचं. सगळ्यांना ती वळचणीच्या टोकाशी लावायचा मोह होतो, कारण ३-४ फूट जागा वाढते. पण कोरियन वळचण बाहेर काढलेली असते ती सूर्यासाठी. आंदोंगच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७ अंश वर असतो, डिसेंबरात फक्त ३० अंश. समजा वळचण खांबांच्या रेषेपासून सव्वा मीटर पुढे आहे. उन्हाळ्यात तिची सावली खांबाच्या रेषेवर ५ मीटरपेक्षा खाली जाते, म्हणजे ओसरी पूर्ण सावलीत. हिवाळ्यात तीच सावली वरच्या पाऊण मीटरपुरतीच पडते आणि त्याखालून ऊन आत लोळतं. काच खांबांच्या रेषेत असेल तर हे गणित तसंच चालतं. काच वळचणीच्या टोकाशी नेली की उन्हाळ्यात ती उघड्यावर येते, ओसरीची भट्टी होते आणि मग एसी लावावा लागतो. शिवाय पागोळ्यांचं पाणी काचेच्या चौकटीवर.

तेव्हा खांबांच्या रेषेत लाकडी चौकटींची, दुमडून बाजूला जाणारी काचेची दारं घ्या. मागच्या बाजूला जुनी फळीची दारं असतील तर ती ठेवा. हिवाळ्यात स्वच्छ दिवशी ही ओसरी उन्हाने स्वतःच तापते. दुपारी खोल्यांची दारं उघडायची, चारच्या सुमारास बंद करायची. उन्हाळ्यात पुढची काच आणि मागची फळी दोन्ही उघडली की वारा आरपार जातो. अंगण मोकळं ठेवा, वाळूमिश्रित मुरमाचं. तिथे काँक्रीट नको, हिरवळही नको. फिकट मातीवरून परावर्तित झालेला उजेड वळचणीखाली शिरून खोल्यांच्या छतापर्यंत पोचतो, तो हिरवळीने गिळला जातो. आणि कोरियात हिरवळ थडग्यांवर असते. सासूबाई तोंडाने बोलणार नाहीत, पण त्यांना ते आवडणार नाही.

मग आधुनिक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर कुठे? जुन्या स्वयंपाकघराच्या खणात, दोन्ही तिथेच. (कोरियन सुतारही घर खणांतच मोजतात. त्यांचा शब्द "खान", आपल्या "खणा"च्या इतका जवळचा की मला पहिल्या दिवसापासून घरी असल्यासारखं वाटलं.) या घरांत स्वयंपाकघराची जमीन खोल्यांपेक्षा गुडघा-मांडीभर खाली असते, कारण चुलीचा जाळ खोलीच्या जमिनीखाली जायचा. हा खड्डा लोकांना अडचण वाटतो आणि ते त्यात भराव टाकतात. माझ्या दृष्टीने जुन्या घराने आधुनिक माणसासाठी राखून ठेवलेली ती सर्वात मौल्यवान जागा आहे. नवी जमीन खोल्यांच्या पातळीला आणली की खाली सांडपाण्याच्या पाइपांना उतार द्यायला भरपूर उंची मिळते. मारू फोडावा लागत नाही, ओन्दोलच्या जमिनीला हात लागत नाही, पुढे पाइप तुंबला तर झडप उघडून खाली उतरता येतं. पाणी घराच्या एका टोकाला राहतं आणि इतर खांब कोरडे. त्या खणाच्या वर माळा असेल तर बॉयलरच्या पाइपांचा काही भाग तिकडून फिरवता येतो.

या खणात मात्र हात आखडू नका. मोठी खिडकी, स्टीलचा ओटा, चांगला एक्झॉस्ट, पांढऱ्या टाइल्स, काय हवं ते करा. फक्त एक नियम पाळा: नव्या भिंती जुन्या खांबांना टेकवून, त्यांत खिळे मारून उभ्या करू नका. त्यांची स्वतःची चौकट असू दे, खांबापासून बोटभर सुटी. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, टाइल हलत नाही. आणि ३० वर्षांनी कुणाला हे न्हाणीघर काढावंसं वाटलं तर खांबावर एकही जखम न ठेवता काढता आलं पाहिजे.

सासूबाईंच्या पायांचा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. त्यांच्या खोलीत, आनबांगमध्ये, गरम पाण्याचे पाइप घाला. जुन्या नाळा बहुधा यॉन्तानच्या, म्हणजे कोळशाच्या वड्यांच्या काळात बदललेल्या किंवा तडकलेल्या असतील. तडकलेल्या जमिनीतून कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरून पूर्वी कोरियात खूप माणसं झोपेत गेली, त्यामुळे जुनी चूल हौसेखातर तशीच पेटवू नका. एखादी खोली खऱ्या जाळाची ठेवायचीच असेल तर ती पाहुण्यांची ठेवा. दगड काढून नाळा नव्याने बसवून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

पण पाइपांच्या जमिनीत एक गोष्ट हरवते. जुन्या ओन्दोलमध्ये चुलीजवळची जागा सर्वात तापलेली असायची, तिला आरेन्मोक म्हणतात. तिथे घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवायचं, उशिरा येणाऱ्याच्या भाताची वाटी तिथे रजईखाली झाकून ठेवायची. पाइपांनी सगळी जमीन सारखी गरम होते आणि हा कोपरा नाहीसा होतो. मी तो मुद्दाम परत आणते. बॉयलरमधून निघालेलं सर्वात गरम पाणी आधी त्या कोपऱ्यात न्यायचं आणि तिथे पाइप जवळजवळ घालायचे, इतरत्र लांब. खर्च जवळपास तेवढाच. एका आजींनी पहिल्या संध्याकाळी खोलीभर हात फिरवला, नेमक्या त्या कोपऱ्यात थांबल्या आणि तिथेच बसल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. वर कागदाची जमीन परवडली तर कराच: थरावर थर हान्जी, म्हणजे कोरियन हातकागद, आणि शेवटी भिजवून वाटलेलं सोयाबीन तेलात कालवून पुसायचं. ती मधासारखी पिवळी होत जाते.

खोल्यांच्या खिडक्या दुहेरी घ्या. बाहेर दुहेरी काचेची आधुनिक, आत लाकडी जाळीची हान्जी लावलेली. जाळी बाहेर, कागद खोलीकडे, ही कोरियन पद्धत. हल्ली अनेक कॅफेंत जपानी पद्धतीने उलटा लावलेला दिसतो. खोल्यांचं छत सपाट आणि कागदाचंच ठेवा, वासे फक्त ओसरीत दिसू द्या. उंच उघडं छत ज्या खोलीत झोपायचं तिथे नको. कागद दर काही वर्षांनी बदलावा लागतो. शरदात पाणी शिंपडून जुना सोलायचा, कडीपाशी हात लागून फाटतो तिथे दोन कागदांच्या मधे मेपलची पानं ठेवायची. हे सासूबाईंना येत असेल. विचारून बघा, आणि ते काम ठेकेदाराला देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. आधी घराची नोंद बघा. खेड्यातल्या अनेक घरांचे नंतरचे वाढीव भाग नोंदीत नसतात, आणि मग परवानगी अडते. ३ किंवा अधिक खांब किंवा तुळया दुरुस्त होणार असतील तर ती "मोठी दुरुस्ती" धरली जाते आणि आधी कळवावं लागतं. हानोकमध्ये वासे त्यात मोजले जात नाहीत, ही सवलत आहे. हानोकसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि अनेक ठिकाणी अनुदानही मिळतं, पण अर्ज काम सुरू करण्याआधी करायचा असतो. आणि एक लक्षात घ्या: छपरावर धातूचा पत्रा घातला तर तुमचं घर अनुदानाच्या व्याख्येत बसेलच असं नाही. अनुदानासाठी किरकोळ सांगाड्यावर कौलं चढवलेली मी पाहिली आहेत. तसं करू नका.

पैसे कमी पडले तर क्रम असा ठेवा: छप्पर, खांबांचे पाय, आनबांग, स्वयंपाकघराचा खण. काचेची दारं शेवटी. ती दोन वर्षांनी लावली तरी काही बिघडत नाही, गळकं छप्पर मात्र दोन वर्षं थांबत नाही.

वेळेचंही बघा. जूनच्या शेवटी जांगमाचा पाऊस सुरू होतो, त्याआधी छप्पर बंद व्हायला हवं. माती आणि चुना गोठणाऱ्या थंडीत लावता येत नाही. म्हणजे पत्रे मार्चमध्ये उतरवायचे, लाकूडकाम आणि छप्पर मेअखेरपर्यंत, गिलावा सप्टेंबर-ऑक्टोबरात. अर्ज आणि चौकशा या हिवाळ्यातच. त्याआधी जानेवारीतल्या एखाद्या स्वच्छ दिवशी तिघंही तिकडे जा. सासूबाईंना दुपारी बारा ते तीन ओसरीत बसवा, जाड कोट घालून, चहा घेऊन. ऊन फळ्यांवर कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारा. त्या रेघेचा, उघडलेल्या छताचा आणि आढ्यावरच्या अक्षरांचा फोटो इथे टाका, मग छपराबद्दल मी नक्की काय ते सांगेन.